चाळीस दुचाकींसाठी एक घोडी

ज्या गावात सायकली वाढतात आणि भिंती तेवढ्याच राहतात, त्या गावात भक्तिमार्ग अवघड होतो, ही गोष्ट सरकारच्या ध्यानात आणून देणं आम्हाला भाग पडलं.

गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं आहे, तालुक्याचं आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर तिथले लोक म्हणतील, हे आमचं नव्हेच. आणि बाकीच्या गावांचे म्हणतील, हे तर आमचंच.

घर न सोडता आम्ही तीन राज्यांत राहून आलो आहोत. आधी निजामाचं संस्थान होतं, मग हैदराबाद राज्य झालं, तेही मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो. दर वेळी कचेरीवरची पाटी बदलली. खिळे तेच राहिले. पुढं येलदरीला पूर्णेवर धरण बांधायचं निघालं आणि जिल्हाभर मोजणीदार, ओव्हरसियर आणि कारकून यांचा सुकाळ झाला. कारकून आला म्हणजे सायकल आली. कारकुनाची पाहून मास्तरानं घेतली, मास्तराची पाहून कापडवाल्यानं घेतली, आणि कापडवाल्याची पाहून पानवाल्यानंही घेतली. पानवाल्याचं घर दुकानाच्या मागंच होतं. तो सायकल हातात धरून चालत यायचा.

या सगळ्या सायकली संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी जमायच्या, कारण सायकलीवर बसून जावं असं दुसरं ठिकाणच गावात नव्हतं.

आता सायकलीला मागच्या चाकापाशी लोखंडी घोडी असते. घोडी पाडली की सायकल तिच्यावर उभी राहते. पण कंपनीची घोडी आमच्या रस्त्यांवर वर्षभरात मोडते, आणि मोडली की नवी कोणी घेत नाही. टेकवायला दुसऱ्याची सायकल असतेच. देवळाच्या भिंतीला पहिली टेकायची, पहिलीला दुसरी, दुसरीला तिसरी. शेवटची सायकल रस्त्याच्या मध्यावर असायची, आणि तिच्या मालकाला वाटायचं, आपण थेट मारुतीच्या आधारावर आहोत.

चैत्रातल्या सप्ताहाला चारठाण्याचे चंद्रभानबुवा कीर्तनाला यायचे. बुवांचं कीर्तन ज्यानं ऐकलं नाही त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही, दयाच आहे. पूर्वरंगात ते माणसाला हळूच जमिनीवरून उचलायचे आणि उत्तररंगात असं काही झुलवायचे, की घरी गेल्यावर बायकोनं भाजीला तेल नाही म्हणून सांगितलं तरी गोड लागायचं. सप्ताहातलं त्यांचं सीतास्वयंवराचं आख्यान ऐकायला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं यायची. रावणाच्या छातीवर धनुष्य पडलं की माणसं हसून लोळायची, आणि राम उठले की तीच माणसं उपरण्यानं डोळे टिपायची.

दोन वर्षांमागं असेच राम उठले. गुरूंना नमस्कार केला. धनुष्याला हात घातला. बुवांनी चिपळ्या थांबवल्या, श्वास रोखला, आणि बाहेर धडाडधूम असा आवाज झाला.

“सियावर रामचंद्र की जय!” लोकांनी गजर केला. बुवांनी या खेपेला धनुष्याचा आवाजसुद्धा आणला म्हणून माना डोलल्या. तेवढ्यात दारातून कोणी ओरडलं, “अरं, सायकली पडल्या!” मग काय, अख्खी सभा उठली ती बाहेर. चाळीस सायकलींच्या ढिगातून आपली ओळखून काढणं हे साधं काम नव्हे. पायडल एकाचं असतं, ते दुसऱ्याच्या तारांत अडकलेलं असतं, आणि घंटी तिसऱ्याच्याच नावानं वाजत असते. आत बुवा, राम आणि न मोडलेलं धनुष्य, एवढेच राहिले.

दुसऱ्या वर्षी त्याच जागी तेच झालं. तेव्हा बुवांनी गळ्यातली वीणा उतरवली.

“मंडळी, धनुष्य रामानं मोडायचं असतं,” ते म्हणाले. “तुमच्या गावात ते सायकली मोडायल्यात. पुढच्या साली एकदा मला सीतामाईचं लग्न लावू द्या. न्हाई लागलं, तर ह्या गावात पुन्हा मी चिपळी उचलणार न्हाई.”

पहिल्या रांगेत खांबापाशी धुरपदाबाई बसलेली असायची. म्हातारी शेंगा भाजून विकायची, पायी यायची, पायी जायची, आणि सायकल नसल्यामुळं दोन्ही वर्षं ती जागची हलली नव्हती. ती म्हणाली, “दोन वर्सं झाली रे बाबांनो, पोर हार घेऊन हुबी हाय. हात दुखत नसतील का तिचे?”

हा प्रश्न सगळ्यांच्या जिव्हारी लागला. आमच्याकडं एखादी गोष्ट जिव्हारी लागली की समिती नेमतात. समितीचे चिटणीस माणिकराव झाले. माणिकराव निजामाच्या कचेरीत पेशकार होते आणि अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता. समितीनं ठरवलं, की भिंत वाढवता येत नाही, सायकली कमी करता येत नाहीत, तेव्हा वैजीनाथ सुताराला बोलवावं.

वैजीनाथला बोलवावं लागत नसे. तो आलेलाच असे. जगातलं कुठलंही दुःख लाकडाच्या एका तुकड्यानं आणि दोन खुंट्यांनी मिटतं, अशी त्याची श्रद्धा होती, आणि ती तो रस्त्यात गाठून सांगायचा. सायकलवाल्यांसाठी त्यानं पुष्कळ केलं होतं. धोतराचा सोगा साखळीत जाऊन भर बाजारात माणसाची अब्रू जायची, म्हणून साखळीवर बसणारी लाकडी झाकणी केली. टाळकऱ्यांसाठी आतून कापूस लावलेली टाळपेटी केली. नाही तर टाळकरी गल्लीत शिरला की कुत्री भजनाला लागायची. बुवांची वीणा मागच्या कॅरिअरवर नीट बसावी म्हणून पाळणा केला. हँडलला छत्री रोवायचा खुंटाही केला होता. त्या खुंट्याची तेवढी तारीफ करता येत नाही, कारण पहिल्याच वावटळीत एक तलाठी छत्रीसकट, सायकलीसकट आणि दप्तरासकट ओढ्यात उतरला. वैजीनाथ म्हणाला, “खुंटा हालला का? न्हाई हालला. तलाठी हालला. त्याला मी काय करू?”

देवळासाठी त्यानं जी वस्तू केली ती मात्र खरोखर बघण्याजोगी होती. बाभळीची लांबलचक तुळई, सहा पायांवर उभी, आणि तिला कंगव्यासारख्या चाळीस खाचा. खाचेत पुढचं चाक घातलं की सायकल आपली आपण उभी. “बघा माणिककाका,” वैजीनाथ म्हणाला, “कुणाची सायकल कुणाला टेकत न्हाई. आपली काढताना शेजाऱ्याला धक्का न्हाई. एक पडली तर एकच पडंल, आन् तीबी पडणार न्हाई. असली घोडी मुंबईत सुदिक नसंल.”

घोडी म्हणाला, कारण सायकल जिच्यावर उभी राहते तिला घोडीच म्हणतात. त्याचं काही चुकलं नाही. पुढं जे झालं ते शुद्ध मराठीमुळं झालं.

देवळासमोरची जागा सरकारी रस्त्यात जात होती. तिथं कायमचं काही उभं करायचं तर नागरी सोय कचेरीची मंजुरी हवी. माणिकराव अर्ज लिहायला बसले. उभी हयात त्यांनी उर्दूत अर्ज लिहिले होते. आता आपलं राज्य आलं, आपली भाषा आली, तेव्हा अर्जात परका शब्द येऊ द्यायचा नाही असा त्यांनी पण केला. ‘सायकल’ हा शब्द त्यांना खटकला. तो खोडून त्यांनी ‘दुचाकी’ लिहिलं. ‘लाकडी’ शब्द त्यांना अर्जाच्या डौलाला बाधक वाटला, तोही गाळला. अर्ज असा झाला: ‘मारुतीच्या देवळापुढे चाळीस दुचाकींसाठी एक घोडी कायमची उभी करण्यास हुजुरांची परवानगी असावी.’ समितीसमोर तो वाचून दाखवला तेव्हा दोघा सभासदांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कचेरीत हा अर्ज दिनकररावांच्या टेबलावर गेला. दिनकरराव नव्या राज्याबरोबर आलेले, नेमाचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी विचार केला: दोन चाकं असतात टांग्याला. टांग्याला लागते घोडी. म्हणून अर्ज जनावरे शाखेत नोंदवला. मग त्यांचं लक्ष ‘चाळीस’ या शब्दाकडं गेलं, आणि त्यांनी माणिकरावांना ताबडतोब बोलावून घेतलं.

“माणिकराव, तुम्ही देवभोळे माणूस. चाळीस टांगे एका जनावराला ओढायला लावता?”

“टांगे कुठले साहेब? दुचाकी म्हणजे सायकल.”

“मग सायकल लिहायचं!”

“परका शब्द आहे हो. आता आपल्या राज्यात...”

“बरं. आणि घोडी?”

“लाकडाची आहे. सायकली उभ्या करायची.”

दिनकररावांनी अर्जाची मिसल मिटली, पुन्हा उघडली, आणि तिच्याकडं घरातल्या आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

“ही आता जनावरे शाखेत नोंदली गेली,” ते म्हणाले. “घोडी लाकडाची आहे असं म्हणता, तर ही मिसल बंद करावी लागेल. घोडीची मिसल दोनच कारणांनी बंद होते. एक तर घोडी विकली, नाही तर मेली. विकली म्हणाल तर घेणाऱ्याची सही आणा. मेली म्हणाल तर कातड्याचं काय केलंत त्याचा खुलासा द्या.”

“आणि नवा अर्ज केला तर?”

“लाकडाचा अर्ज जंगल खात्याकडं जाईल. तुमचा सप्ताह कधी आहे?”

“चैत्रात.”

“कोणत्या सालच्या?”

“येत्याच की!”

“मग घोडीच राहू द्या,” दिनकरराव मायेनं म्हणाले.

माणिकराव विचारात पडले. खोटं बोलायचं नाही, हे त्यांनी कीर्तनात शेकडो वेळा ऐकलं होतं. पण इथं खोटं कुठं होतं? घोडी ती घोडीच. शिवाय सीतामाई हार घेऊन उभी होती. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वैजीनाथला तोंडी माहिती द्यायला नेलं. दिनकरराव विचारत गेले आणि तो छाती काढून सांगत गेला.

“रंग?”

“तपकिरी. तेल दिलंय, चमकायलीय नुसती.”

“स्वभाव?”

“एका जागी उभी ऱ्हाती साहेब. हालवून दाखवा तुमी.”

“पाय?”

“सहा.”

दिनकररावांनी लेखणी खाली ठेवली. “चार लिहितो.”

“चार कसे? मधले दोन काढले तर पाठ बसंल की! चाळीस सायकलींचा भार हाय.”

“वैजीनाथ, नीट ऐका. जनावरे शाखेत चारपेक्षा जास्त पाय चालत नाहीत. सहा पाय म्हणजे कीटक झाला. कीटक शेती खात्याकडं जातो, आणि तिथं गेला की त्याच्यावर पावडर मारतात. तुमच्या घोडीवर पावडर मारायची आहे का?”

“पर साहेब...”

“आणि पाहणीला डॉक्टर येतील. त्यांनी सहा मोजले आणि माझ्याकडं चार निघाले, तर माझे दोन हात जातील.”

वैजीनाथनं मधले दोन पाय कापले. करवत चालत होती तेवढा वेळ तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या बायकोला वाटलं, याला ताप आला.

जनावरांचे डॉक्टर आले. सज्जन माणूस. घोडीभोवती एक चक्कर मारली, बोटानं टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, “लाकूड चांगलं आहे.”

“तुमाला दिसायलंय न्हवं, लाकूड हाय म्हणून?” वैजीनाथ आशेनं म्हणाला.

“मी डॉक्टर आहे बाबा, आंधळा नाही. पण दाखल्यात घरं तीनच आहेत. निरोगी, आजारी, मृत. ‘लाकडी’ असं घर नाही. निरोगी लिहायला माझी ना नाही. पण वय लिहावं लागतं. वय दातांवरून. दात तोंडात. हिला तोंडच नाही.”

इथं वैजीनाथमधला कलावंत जागा झाला, आणि कलावंत जागा झाला की सुतार झोपतो. त्यानं असं काही तोंड कोरलं, की येणारा जाणारा थबकायचा. मान डौलदार, कान टवकारलेले, डोळ्यांत कवड्या. दातही कोरले, एकेक. तोंड आणि मान मिळून तुळईवरच्या दहा खाचा गेल्या. मागं अंबाडीची शेपटी लावली. शेपटीला झुलायला जागा हवी म्हणून आणखी चार गेल्या. डॉक्टरांनी दात मोजून वय लिहिलं, पाठ थोपटली आणि जाताना म्हणाले, “हिला जपा. फार गरीब जनावर आहे.”

मंजुरी सप्ताहाच्या चार महिने आधी आली. तिच्यासोबत अटी आल्या. घोडीला रोज कडब्याच्या पेंढ्या मिळाव्यात. पाण्याचा हौद असावा. देखरेखीस एक सईस नेमावा. आणि जनावरांवर दया म्हणून, सूर्यास्तानंतर घोडीला कामास लावू नये.

शेवटची अट त्या दिवशी कोणी नीट वाचली नाही, कारण आधीच्या तीन अटींचा गावात फार आनंद झाला. सईस म्हणून समितीच्या अध्यक्षसाहेबांचा मेहुणा भुजंग लागला. तो इतकी वर्षं रिकामा होता की त्याच्या बहिणीनं नवस बोललेला, नवस फिटला. कडब्याची गाडी रोज सकाळी घोडीपुढं उभी राहायची आणि संध्याकाळी अध्यक्षसाहेबांच्या गोठ्यात जायची. घोडी खायची आणि म्हैस दूध द्यायची. हौदावर बायका धुणं धुवायला लागल्या. दिनकररावांना वरून शाबासकी आली, की ज्या जनावराची एकही तक्रार नाही असं राज्यात हे एकच. चार महिन्यांत कोणीतरी घोडीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, आणि नवीन लग्न झालेली जोडपी मारुतीचं दर्शन घेऊन बाहेर आली की तिच्याही पाया पडू लागली.

घोडी लाकडाची आहे हे गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट मुद्दाम बोलून दाखवायचा उद्धटपणा आमच्यात नाही. फक्त धुरपदाबाई एकदा शेंगांची टोपली घेऊन जाताना थांबली आणि म्हणाली, “वैजीनाथा, तू सायकली ठिवायला करायलतास न्हवं रे हे?”

“तसंच हाय काकी,” वैजीनाथ म्हणाला. “पर आता लय सुधारणा झाल्यात.”

स्वयंवराचा दिवस उजाडला. दिवेलागणीला कीर्तन. आम्ही सायकली घेऊन देवळापाशी आलो, तर घोडीभोवती दोर बांधलेला आणि भुजंग आडवा उभा.

“दिवस बुडालाय,” भुजंग म्हणाला. “घोडी आरामाला लागली.”

“अरे, कीर्तन दिवेलागणीलाच असतं!” माणिकराव म्हणाले.

“मंग सकाळी करा की कीर्तन. जनावराला का म्हणून जागवायचं?”

“भुजंगराव, ती लाकडाची...”

“काका,” भुजंग दुखावून म्हणाला, “तुमच्याच सहीनं आलीय ती. तुमीच असं बोलायलाव?”

सही खरोखरच माणिकरावांची होती. आत मृदंगावर थाप पडली. बुवांनी नमन सुरू केलं, आणि तो आवाज कानावर पडताच भुजंगाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. कारण भुजंग आळशी असला तरी पाखंडी नव्हता. “थोडं ऐकून येतो,” म्हणाला आणि आत गेला.

त्याची पाठ फिरली तशी पहिल्यानं आपलं चाक खाचेत सरकवलं. पाठोपाठ दुसऱ्यानं. ज्यांना खाचा मिळाल्या त्यांनी खाचेत लावल्या. चौदा जणांना मिळाल्या नाहीत, कारण तिथं तोंड आणि शेपूट होतं. त्यांनी आपल्या सायकली खाचेतल्या सायकलींना टेकवल्या. जुनी विद्या माणूस विसरत नाही.

काय सांगू त्या दिवशीचं कीर्तन! बुवा पासष्टीचे, पण रावण झाले तेव्हा त्यांच्या गळ्याला दहा तोंडं फुटली. सभेला अक्षता वाटल्या होत्या. आम्ही त्या मुठीत घट्ट धरून बसलो होतो. राम उठले. गुरूंना नमस्कार केला. धनुष्याला हात घातला. बुवांनी चिपळ्या थांबवल्या. सगळ्या सभेचे कान बाहेर लागले. बाहेर शांत. बुवांनी एक डोळा दाराकडं टाकला, आणि मग त्यांच्याच कंठातून, दोन वर्षांचा राहिलेला, असा कडकडाट निघाला की देवळातली घंटा आपोआप झणाणली. धनुष्य मोडलं! धुरपदाबाईनं पदर तोंडाला लावला. बुवांचा आवाज एकदम लोण्यासारखा मऊ झाला. सीतामाई निघाली. पावलं लाजून पडताहेत. जवळ आली. हार उचलला. हात वर केले...

बाहेर कडाड् असा आवाज झाला आणि पाठोपाठ चाळीस सायकली.

आम्ही दारात एकमेकांना तुडवतच बाहेर पोचलो. घोडी मधोमध मोडली होती. जिथं दोन पाय कापले होते बरोब्बर तिथं. तोंड देवळाकडं, शेपटी रस्त्याकडं, आणि दोन्हींवर सायकलींचा ढीग.

“सांगितलं व्हतं, सहा पाय पायजेत!” वैजीनाथनं कपाळ बडवलं.

“हळू!” कीर्तनाला आलेले दिनकरराव त्याच्या कानाशी लागले. “चार म्हणा, चार.”

भुजंगानं घोडीच्या गळ्याला मिठी मारली आणि हंबरडा फोडला. नोकरी गेली म्हणून रडतोय की जनावर गेलं म्हणून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. डॉक्टर सभेतच होते. त्यांना हाताला धरून पुढं आणलं. त्यांनी दोन्ही तुकडे पाहिले आणि खिशातून दाखला काढला.

“आजारी लिहू की मृत?”

यावर रस्त्यातच सभा भरली. मृत लिहिलं तर विल्हेवाट लावावी लागेल, कातड्याचा खुलासा येईल, सईसाची जागा बुडेल. अध्यक्षसाहेब म्हणाले, “आजारी लिहा. आजारी जनावराला कडबा जास्त लागतो.” दिनकरराव म्हणाले, “आजारी बरं. मिसल चालू राहील.” हौदावर धुणं धुणाऱ्या बायका म्हणाल्या, “आजारीच लिवा, हौद बुजवतील न्हाई तर.” कापडवाल्यानं उपरणं दिलं, मास्तरांनी उपरणं दिलं, दोन्ही तुकडे जोडून घोडीची पाठ आवळून बांधली. माणिकरावांनी कंदील धरला. डॉक्टरांनी ‘आजारी’पुढं खूण केली आणि ‘विश्रांतीची गरज’ असा शेरा मारला. मग आम्ही ढीग उपसायला घेतला. पानवाल्याची घंटी सापडेना. तलाठ्याचं हँडल मास्तरांच्या चाकात गेलेलं. ते सोडवताना मास्तर असं काही बोलले, की ते शाळेत शिकवत नाहीत.

सगळं उरकून, हात झटकून आम्ही आत आलो तेव्हा बुवा वीणेला गवसणी घालत होते. खांबापाशी धुरपदाबाई एकटी बसली होती. तिच्या मुठीत अक्षता नव्हत्या. त्या बुवांच्या पायांपाशी पडल्या होत्या.

“बुवा, थांबा!” माणिकराव म्हणाले. “आम्ही आलो. लग्न?”

“लागलं,” बुवा म्हणाले.

“आमच्यावाचून?”

“घोडी मोडली म्हणून मुहूर्त टळत न्हाई माणिकराव. एक वऱ्हाडी होती. तेवढी पुरली.”

“म्हणजे पुढच्या साली तुम्ही...”

“येणार तर. बाईनं आवतण दिलंय. तुमी आपलं जनावर संभाळा.”

आम्ही धुरपदाबाईभोवती कोंडाळं केलं. काकी, हार कसा घातला? रामराया काय बोलले? बुवा कोणत्या सुरात गायले? भुजंग तर रडत रडतच तिच्या पायाशी बसला. म्हातारीनं गुडघ्यावर हात टेकून उठता उठता सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

“सायकली गावल्या न्हवं समद्यांच्या?” ती म्हणाली. “मंग झालं की.” आणि पायी घरी गेली.

घोडी अजून आजारी आहे. कडबा वाढवून मिळाला.

आता तुम्ही, वाचकहो, माझ्यावर रुसाल. म्हणाल, एवढा वेळ बसवून घेतलंत आणि लग्न तेवढं सांगितलं नाहीत. कसं सांगू? मी आत नव्हतो. पण तुम्ही तरी कुठं होता? बाहेर कडाड् झालं तसे तुम्हीही माझ्या मागोमाग धावत आलात. घोडी आजारी लिहितात की मृत, यात तुमचाही जीव गुंतला. पानवाल्याची घंटी हुडकेपर्यंत थांबलात. आत एक म्हातारी बसली आहे, हार वर उचललेला आहे, याची आठवण एकदाही केली नाहीत.

असू द्या. माणसं आपण एकाच गावची. तो बघा ढीग, त्यात आपली सायकल ओळखून घ्या. फक्त काढताना जरा जपून. बाकीच्या तिलाच टेकल्या आहेत.